दुपारी दोनचं क्लिनिक

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदतीचा नळ बंद केला आणि पाठोपाठ हैदराबाद, कल्याण, पुणे इथल्या तृतीयपंथीयांच्या 'मित्र' क्लिनिकांना टाळं लागलं. हैदराबादचं टाटा ट्रस्टच्या मदतीने नव्या नावाने उघडलं. आपल्याकडचे शहाणे मात्र म्हणाले, "सरकारी दवाखाने आहेत की!" हे वाक्य मी वीस वर्षं ऐकतेय.

एचआयव्हीची सुरुवातीची वर्षं मी भराभर उलटते. १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सोलोमन यांच्यामुळे देशातली पहिली लागण उजेडात आली, १९९२ मध्ये 'नॅको', म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, आली, मग परिषदा, घोषवाक्यं, भिंतींवरचे सांगाडे. फेब्रुवारी १९९६ मात्र उलटवत नाही. मुंबईच्या वेश्यावस्तीत धाडी घालून शेकडो मुली उचलल्या, सुधारगृहांत कोंडल्या, आणि न विचारता त्यांचं रक्त तपासलं. याला म्हणे सुटका! पुढे आम्ही कामाठीपुऱ्यात गेलो तेव्हा सुई दिसताच दारं धडाधड लागायची, ती उगाच नाही.

गेट्स फाउंडेशनचा एचआयव्ही रोखण्याचा 'आवाहन' कार्यक्रम २००३ मध्ये सहा राज्यांत सुरू झाला आणि मी समुपदेशक म्हणून एका क्लिनिकात बसू लागले. ते दुपारी दोनला उघडायचं, कारण सकाळी बाया झोपलेल्या आणि संध्याकाळी धंद्यावर. बाहेर गुप्तरोगाची पाटी नाही, कार्डावर नावाऐवजी आकडा. पडद्याआड तपासणी, गरमीसाठी रक्त, आणि पुढे रंगांची किटं आली: पांढऱ्या पाण्याला हिरवं, जखमेला पांढरं, करड्यात अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम. गोळ्या शक्यतो आमच्यासमोरच गिळायच्या. खोलीवर नेल्या की घरवाली चौकशी करणार. एक पोरगी तासभर बाकावर बसून राहिली, गावाला कळेल म्हणून. तिला घेऊन आलेली पिअर बाई, म्हणजे त्यांच्यातलीच आमची कार्यकर्ती, वैतागून म्हणाली, "अगं, ताईला तुझं नावच ठाव नाय, ती काय कळवणार!" पोरगी हसली आणि आत गेली.

सगळं गोड नव्हतं. महिनाअखेरीला फंडवाल्यांना फक्त आकडे हवे असत. कुणाचं दुखणं थांबलं, याला फॉर्मवर रकानाच नव्हता. आणि पैसा परका आहे, हे दिसत असून आम्ही डोळेझाक केली असं म्हणणाऱ्यांनी सांगलीकडे बघावं. तिथल्या मीना सेषूंच्या 'संग्राम' संस्थेने २००५ मध्ये अमेरिकेची मदत सोडून दिली, कारण तिच्यासोबत वेश्याव्यवसायाविरुद्धची शपथ येत होती. तेव्हा मुंबईच्या बैठकांत त्यांना हेकट म्हणणारे पुढे निवृत्त होऊन सल्लागार झाले.

२०१३ पर्यंत 'आवाहन'चे प्रकल्प टप्प्याटप्प्याने सरकारकडे गेले. रजिस्टरं गेली, किटं गेली. दुपारचे दोन कुणी नेले नाहीत. आज सरकारी रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' आहे, मोफत आहे, औषधंही तीच आहेत. पण वेळ सकाळच्या ओपीडीची, आणि केसपेपरच्या खिडकीवर नाव, वय, पत्ता मागच्या दहाजणांना ऐकू जाईल असा सांगायचा. अशाच एका रुग्णालयात मी एकीला पाठवलं, तर वॉर्डबॉयने रांगेतच हाक मारली, "ए कामाठीपुरा, पुढे हो." ती पुढे झाली नाही, परत फिरली, ती मला पुन्हा भेटलीच नाही. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने गुप्ततेचा हक्क दिला, तो त्या खिडकीपर्यंत पोचायचाय.

बाया आता एका गल्लीत राहिलेल्या नाहीत, धंदा फोनवर गेला, मुंबईबाहेर पांगला. आमची जुनी पिअर बाई अजून पोरींना डॉक्टरकडे नेते, स्वतःच्या रिक्षाखर्चाने. डॉक्टर खासगी आहे. पाचशे घेतो, रात्री नऊपर्यंत बसतो आणि नाव विचारत नाही.