पाळतीतील चूक कोण पकडणार?

लेखांक ६ : ब्रिटनचे तपास-अधिकार आयुक्त

पाळत ठेवली जात असल्याचे ज्याचे त्याला कळत नाही. त्यामुळे तिच्यात चूक झाली, तरी तक्रार घेऊन कोणी पुढे येत नाही. भलत्याच माणसाचे संभाषण ऐकले गेले, वॉरंटमध्ये नसलेली माहिती गोळा झाली किंवा मुदतीनंतरही ती साठवून ठेवली गेली, तरी गोष्ट पाळत ठेवणाऱ्या संस्थेच्या चार भिंतींतच राहते. ती बाहेर काढण्यासाठी बाहेरचाच माणूस लागतो. ब्रिटनने २०१६च्या तपास-अधिकार कायद्याने हे काम एका आयुक्ताकडे दिले.

या आयुक्तांचे कार्यालय १ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झाले आणि त्यापूर्वीच्या तीन देखरेख यंत्रणा त्यात विलीन झाल्या. पहिले आयुक्त लॉर्ड जस्टिस एड्रियन फुलफर्ड होते. २०१९मध्ये सर ब्रायन लेव्हसन आले. आयुक्त आणि त्यांचे न्यायिक आयुक्त हे उच्च न्यायिक पद भूषवलेले आजी-माजी न्यायाधीश असतात. फोन किंवा संदेश टिपण्याच्या वॉरंटवर मंत्र्याने सही केली, तरी न्यायिक आयुक्ताच्या मंजुरीशिवाय ते अमलात येत नाही. यालाच 'दुहेरी कुलूप' म्हणतात. तातडीच्या प्रसंगी मंजुरी नंतर घेता येते. मात्र ती नाकारली गेली, तर वॉरंट रद्द होते.

वॉरंटनंतरचा कारभार आयुक्तांचे निरीक्षक तपासतात. संस्थांनी स्वतःच्या चुकाही आयुक्तांना कळवणे बंधनकारक आहे. चूक झाल्याचे निश्चित झाल्यावर शक्य तितक्या लवकर आणि दहा कामकाजी दिवसांच्या आत अहवाल द्यावा लागतो. पोलिसांनाही हीच शिस्त लागू आहे. आयपी पत्त्यातला एक आकडा किंवा इंटरनेट वापरल्याची वेळ चुकली, की पोलीस निरपराध माणसाच्या दारात उभे राहू शकतात.

चूक 'गंभीर' ठरली आणि कळवणे लोकहिताचे वाटले, तरच आयुक्त पीडित व्यक्तीला ती कळवतात. त्या व्यक्तीची लक्षणीय हानी झाली असेल तरच चूक गंभीर मानली जाते. केवळ मानवी हक्कांचा भंग झाला, एवढे कारण पुरत नाही. राष्ट्रीय सुरक्षेला होणारा अपायही तोलला जातो. कळवताना तपास-अधिकार न्यायाधिकरणाकडे दाद मागण्याचा हक्क सांगावा लागतो. हे न्यायाधिकरण २०००च्या कायद्याने स्थापन झाले आहे.

या व्यवस्थेची कसोटी एमआय५ या ब्रिटनच्या देशांतर्गत गुप्तचर संस्थेच्या प्रकरणात लागली. टिपलेली माहिती ज्या संगणक प्रणालीत ठेवली जात होती, तिथे ती किती काळ राहते, तिच्या किती प्रती होतात आणि ती कधी पुसली जाते यावर पुरेसे नियंत्रण नव्हते. संस्थेने हे आयुक्तांना २०१९मध्ये सविस्तर सांगितले. त्याच वर्षी मे महिन्यात गृहमंत्री साजिद जाविद यांनी संसदेला कल्पना दिली. 'लिबर्टी' आणि 'प्रायव्हसी इंटरनॅशनल' या संस्थांच्या दाव्यावर न्यायाधिकरणाने जानेवारी २०२३मध्ये निकाल दिला : २०१४च्या अखेरीपासून २०१९पर्यंत एमआय५ने माहिती बेकायदा साठवली होती. गृहखात्यानेही पुरेशी चौकशी न करता वॉरंटे दिली होती. तरीही ती वॉरंटे रद्द करण्यास न्यायाधिकरणाने नकार दिला.

न्यायाधीशांची मंजुरी संस्थेने पुढे ठेवलेल्या माहितीवरच उभी असते. ती माहिती अपुरी असेल, तर दुहेरी कुलूपही निरुपयोगी ठरते. म्हणून स्वतंत्र देखरेखीला मंजुरीच्या अधिकाराइतकीच संस्थेच्या संगणकांपर्यंत थेट पोहोच आवश्यक आहे.