वर्ध्याच्या शाळेत जमलेले मंत्री

१९३७ सालच्या २२ आणि २३ ऑक्टोबरला वर्ध्याच्या नवभारत विद्यालयात, म्हणजे पूर्वीच्या मारवाडी विद्यालयात, एक परिषद भरली. गांधीजींच्या ‘नई तालीम’ या शिक्षणयोजनेची सुरुवात म्हणून तिची आठवण काढतात आणि ते बरोबरच आहे. गांधीजी अध्यक्ष होते. विनोबा, काका कालेलकर, कुमारप्पा, झाकीर हुसेन अशी माणसे समोर होती. पण त्याच मांडवात आणखी एक गोष्ट घडत होती, तिची चर्चा फारशी होत नाही. वेगवेगळ्या प्रांतांची सरकारे शिक्षण या एका विषयासाठी आपणहून एकत्र बसली होती. वरून कुणाचा हुकूम नव्हता, निधीची लालूच नव्हती.

१९३५च्या कायद्यानुसार शिक्षण प्रांतांच्या हाती होते. निवडणुका होऊन सात प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली होती. त्यांच्या शिक्षणमंत्र्यांना वर्ध्याचे बोलावणे गेले. मध्य प्रांत-वऱ्हाडचे रविशंकर शुक्ल, मद्रासचे सुब्बरायन, बिहारचे सय्यद महमूद आले. मुंबईचे पंतप्रधान बाळासाहेब खेरही आले. प्रांताच्या मंत्रिमंडळाच्या प्रमुखाला तेव्हा पंतप्रधान म्हणत. निमित्त होते ही शाळा चालवणाऱ्या शिक्षण मंडळाच्या रौप्यमहोत्सवाचे, कल्पना मंडळाचे चिटणीस श्रीमन्नारायण अग्रवाल यांची. आज रौप्यमहोत्सव म्हटला की स्मरणिका निघते आणि शाल-श्रीफळाचा कार्यक्रम होतो. वर्ध्याने देशाच्या शिक्षणाचा प्रश्नच घरी बोलावला.

मंत्री आले, कारण अडचण सगळ्यांची एक होती. प्रांतांच्या तिजोरीत दारूवरच्या अबकारीचा वाटा मोठा होता आणि शाळांचा खर्च त्यातूनच भागत असे. काँग्रेसने तर दारूबंदीचा शब्द दिलेला. दारू बंद केली तर शाळा कशावर चालवायच्या? गांधीजींचे उत्तर धाडसी होते: शाळेतल्या हस्तोद्योगातूनच शिक्षकाचा पगार निघावा.

परिषदेने चार ठराव केले. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, ते मातृभाषेतून, सारे शिक्षण एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाभोवती गुंफलेले, आणि या पद्धतीतून हळूहळू शिक्षकाचा पगार सुटेल अशी अपेक्षा. पहिल्या दोनांना कुणाचा विरोध असायचे कारण नव्हते. भांडण चौथ्यावर होते. अर्थशास्त्रज्ञ के. टी. शहा यांनी आक्षेप घेतले, आणि स्वावलंबनावर फार भर दिला तर शिक्षक गरीब मुलांच्या श्रमावर पोसला जाणारा मुकादम होईल, असा इशारा झाकीर हुसेन यांनी परिषदेतच दिला. गंमत अशी की आराखडा करायच्या समितीचे अध्यक्षपद याच झाकीर हुसेन यांच्याकडे आले आणि शहाही तिचे सदस्य झाले. ज्याला शंका आहे त्याच्याच हाती मसुदा देण्याचा हा शहाणपणा आजच्या सरकारी समित्यांत शोधून सापडत नाही.

समितीने २ डिसेंबरला अहवाल दिला. परिषदेपासून सहा आठवडेही झाले नव्हते. त्यातले दिवसाचे वेळापत्रक पाहण्यासारखे आहे. शाळा साडेपाच तासांची. त्यातले ३ तास २० मिनिटे मूलोद्योगाला, म्हणजे त्या मध्यवर्ती हस्तोद्योगाला. मातृभाषेला ४० मिनिटे, संगीत, चित्रकला आणि गणित मिळून ४०, समाजशास्त्र व सामान्य विज्ञानाला ३०, व्यायामाला १० आणि मधली सुट्टी १० मिनिटांची. गणिताला इतका कमी वेळ कसा, असे पालक विचारतील. उत्तर असे होते की गणित सूत कातायच्या टकळीवरच शिकायचे. चार फुटांची एक तार, १६० तारांची एक लटी, चार लटींची एक गुंडी. मग गुंडीत सूत किती फूट? २,५६०. त्याचे यार्ड किती, वजनावरून सुताचा अंक किती, पेळूत वाया किती गेले, हे सगळे मुलाने स्वतःच्या हातातल्या धाग्यावर सोडवायचे. कापूस आला की जमीन, पाऊस, बाजार, मँचेस्टर असे पुढचे धडे. वर्ध्यासारख्या कपाशीच्या मुलखात हे सुचणे साहजिकच होते. मात्र ही पद्धत पेलायला शिक्षक तयारीचा हवा. तसा नसला तर उरते ती नुसती सूतकताई. नंतरच्या काळात मूलोद्योग शाळांत शिकलेल्या अनेकांना तेवढीच आठवते.

प्रत्येक प्रांताने ही योजना आपापल्या परीने घेतली. संयुक्त प्रांतात आचार्य नरेंद्र देव यांच्या समितीने तिला आपले रूप दिले. बिहारने चंपारणातली गावे निवडली. शुक्लांनी ‘विद्यामंदिर’ काढले: गावाने जमीन द्यायची, तिच्या उत्पन्नावर शाळा चालवायची. समितीतले ख्वाजा गुलाम सय्यिदैन काश्मीर संस्थानात शिक्षण संचालक झाले आणि योजना तिथेही पोचली. मध्यवर्ती शिक्षण सल्लागार मंडळाने तिची तपासणी करायला समिती नेमली, तिचे अध्यक्ष बाळासाहेब खेर. त्यांनी वय ६ ते १४ ठरवले, सुरुवात खेड्यांतून करा म्हटले. मंडळ केवळ सल्ला देई. घ्यायचा की नाही हे प्रांत ठरवत.

युरोपकडे पाहिल्यावर सरकारांनी असे आपणहून एकत्र बसण्याचे महत्त्व जास्त कळते. युरोपीय महासंघातले २७ देश शेती, व्यापार, स्पर्धा यांवर एकमेकांना बांधले गेलेत, पण शिक्षण, युवक आणि संस्कृती या विषयांवर नाहीत. महासंघाच्या कराराच्या १६५ आणि १६७ या कलमांनी तिथे देशांचे कायदे एकसारखे करायला चक्क मनाई केली आहे. फ्रान्सच्या वर्गात काय शिकवायचे ते ब्रुसेल्स सांगू शकत नाही. मग मंत्री जमून करतात काय? उद्दिष्ट मिळून ठरवतात, उदाहरणार्थ शाळा मध्येच सोडणाऱ्या तरुणांचे प्रमाण २०३० पर्यंत ९ टक्क्यांच्या खाली आणणे. वाट ज्याची त्याने शोधायची. मग दरवर्षी सगळ्यांचे आकडे शेजारी शेजारी छापायचे आणि ज्याला जमले त्याला विचारायचे, कसे केलेस? २०००च्या लिस्बन बैठकीपासून ही रीत पक्की झाली. पैसा ओतला तो देवाणघेवाणीवर. १९८७ साली ‘इरॅस्मस’ सुरू झाली तेव्हा ३,२४४ विद्यार्थी दुसऱ्या देशात शिकायला गेले. आज ही महासंघाची सर्वांत लाडकी योजना आहे. हे काम संथ आहे, कागदी घोडेही पुष्कळ नाचतात. पण एकमेकांचे न पटणाऱ्या पक्षांची सरकारे त्या टेबलाशी टिकून राहतात.

वर्ध्याचे टेबल टिकले नाही. ते एका पक्षाच्या सरकारांचे होते. बंगाल, पंजाब, सिंध, आसाम त्यात नव्हते. ‘विद्यामंदिर’ या नावावरच मुस्लिम लीगने रान उठवले आणि १९३८च्या पीरपूर अहवालात ती तक्रार नोंदली गेली. १९३९च्या अखेरीस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि पाठीराखे सरकारच उरले नाही. ओरिसाने १९४१मध्ये या योजनेच्या शाळा बंद केल्या, बिहारने चालू ठेवल्या. कोणाचे काय साधले आणि काय फसले, हे तटस्थपणे मांडणारी कायमची यंत्रणा नव्हती. सेवाग्रामच्या हिंदुस्तानी तालीमी संघात आर्यनायकम आणि आशादेवी यांनी जीव ओतून काम केले, पण संघ योजनेचा पुरस्कर्ता. स्वतःचाच परीक्षक तो कसा होणार? माझ्या मते योजना मागे पडण्यात टकळीइतकाच या उणिवेचा वाटा आहे.

स्वातंत्र्यानंतरही शिक्षण राज्यांकडेच होते, पण १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने ते राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेले आणि वजन दिल्लीकडे झुकले. केंद्राच्या ‘पीएम श्री’ शाळा योजनेच्या करारावर सही न केलेल्या तमिळनाडूचा केंद्राकडून येणारा ‘समग्र शिक्षा’ निधी अडला आणि वाद सर्वोच्च न्यायालयात पोचला. राज्यांना गुण देणारा परफॉर्मन्स ग्रेडिंग इंडेक्स २०१७-१८ पासून आहे, पण तो केंद्राने राज्यांना दिलेला निकाल आहे. राज्यांनी आपसात बसून तो उलगडायचा, असे त्यात काही नाही. केरळला जे जमते ते विदर्भातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत का जमत नाही, हे महाराष्ट्राच्या मंत्र्याने केरळच्या मंत्र्याला समोर बसवून विचारायची जागाच नाही.

ती जागा वर्ध्यात करता येईल. सेवाग्रामला नई तालीमच्या आवारात ‘आनंद निकेतन’ शाळा चालते, मुले शेतात आणि स्वयंपाकघरात काम करत शिकतात. महाराष्ट्राच्या शिक्षणमंत्र्यांनी शेजारच्या राज्यांच्या, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, मंत्र्यांना दोन दिवसांचे निमंत्रण द्यावे. विषय एकच ठेवावा, पाचवीनंतर शाळा सोडणाऱ्या मुलांचा म्हणा. प्रत्येकाने आपले फसलेले प्रयोगही सोबत आणावेत, आणि वर्षभराने पुन्हा बसायची तारीख त्याच बैठकीत ठरवावी.