अनुदान नेमके कशाचे? ठिबक, शेततळे आणि पाचट

निसर्ग जपणाऱ्या शेतकऱ्याला सरकारने मोबदला द्यायचा, ही पद्धत युरोपात १९८०च्या दशकापासून रुळत गेली. बांधावरची झुडपे राखली, ओढ्याकाठचा पट्टा न नांगरता सोडला, तर करारानुसार दरवर्षी पैसे मिळतात. महाराष्ट्रात प्रामुख्याने आहे ते अनुदान, आणि तेही बहुधा साधन उभे करताना एकदाच. जळोची, बारामती, इंदापूर या पट्ट्यातले बरेचसे गैरसमज हा फरक लक्षात न घेतल्याने होतात.

खात्यावर येणारे हप्ते हा मोबदला आहे, असे काहींना वाटते. पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये हा जमीनधारक कुटुंबाला उत्पन्नाचा आधार आहे. पाणी, माती किंवा झाडे राखण्याची कोणतीही अट त्याला नाही.

ठिबकचा गैरसमज जास्त महागात पडतो. केंद्राचे अनुदान आणि राज्याची पूरक रक्कम मिळून अल्प व अत्यल्प भूधारकांना ८० टक्के, इतरांना ७५ टक्के मिळते. ही टक्केवारी दुकानदाराच्या बिलावर नसते. दोन नळ्यांतले अंतर आणि क्षेत्र पाहून शासनाने ठरवलेल्या खर्चावर ती काढली जाते. वरचा खर्च शेतकऱ्याचा. महाडीबीटीवर अर्ज, पूर्वसंमती, मग खरेदी आणि शेवटी शेतावर मोका तपासणी, हा क्रम आहे. पूर्वसंमतीआधीच संच बसवला की अनुदान हातचे जाते.

ठिबक आले म्हणजे भूजल वाचले, हेही आपोआप घडत नाही. बारामतीत वर्षाला साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस, आणि ऊस तर बारमाही तहानलेला. वाचलेल्या पाण्यावर त्याच विहिरीखाली आणखी दोन एकर ऊस उभा राहिला, तर विहिरीची पातळी होती तिथेच राहते किंवा खाली जाते. अनुदान संचाला मिळते, वाचवलेल्या पाण्याला नाही. ही या व्यवस्थेतली खरी उणीव आहे. तरीही नीरा डाव्या कालव्याखाली पाटपाण्याच्या अतिवापराने क्षारपड झालेल्या जमिनी पाहिल्या, की मोजून दिलेल्या पाण्याची किंमत कळते.

शेततळ्याचेही तसेच. तळाला आणि बाजूंना प्लास्टिकचा कागद अंथरला की पाणी जमिनीत मुरत नाही; तो कागद असतोच त्यासाठी. असे तळे म्हणजे साठवण टाकी. उन्हाळ्यात डाळिंब-द्राक्षाची बाग ते जगवते, पण विहीर-बोअरचे पाणी उपसून भरले तर भूजलावर भारच टाकते आणि उघड्यावर बाष्पीभवनाने पाणी गमावते. पाणी मुरवायचे काम बिनअस्तराच्या तळ्याचे, नालाबांधाचे आणि समतल चरांचे.

निकाल पाहून पैसे देणारी योजनाही आहे. २०१८ पासूनच्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असे येते. पुढचा हप्ता हवा तर ठरलेल्या प्रमाणात झाडे जिवंत दिसावी लागतात. खड्डे खणून फोटो काढला, एवढ्याने भागत नाही.

सेंद्रिय शेतीला एकट्याने अर्ज केला की पैसे मिळतात, हेही खरे नाही. परंपरागत कृषी विकास योजना गटासाठी आहे. तीन वर्षांसाठी हेक्टरी ३१,५०० रुपयांची तरतूद असली, तरी निविष्ठांसाठी थेट खात्यात येतात १५,००० रुपये. उरलेले प्रमाणीकरण, प्रशिक्षण आणि विक्रीव्यवस्थेचे.

शेवटचा गैरसमज उसाच्या पाचटाचा: पेटवल्याशिवाय खोडवा चांगला फुटत नाही. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते आणि त्यात ४० ते ५० किलो नत्र असते. पेटवले की त्यातले बहुतेक नत्र धुरात जाते, सेंद्रिय कर्बही जातो. एक आड एक सरीत पाचट दाबून हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकले की ते जागेवर कुजते. सरीतली माती बाजूला केली तर पाचटाखाली ओल आणि गांडुळे सापडतात. पाचट राखण्याबद्दल वेगळी रक्कम मिळत नाही. कुट्टी यंत्राला मात्र कृषी यांत्रिकीकरणातून अनुदान आहे.