मोटारीतील गाणे मध्येच का थांबते?

झाशी हे शहर देशातील दोन दीर्घ मार्गांच्या चौकात वसलेले आहे. श्रीनगरहून कन्याकुमारीस जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ आणि पोरबंदरहून सिलचरला जाणारा क्रमांक २७ हे येथे एकमेकांस छेदतात. अठराव्या शतकात मराठ्यांचा अंमल बुंदेलखंडात बसला, त्या काळापासून मराठी घराणी या भागात नांदत आहेत. लग्नकार्यासाठी म्हणा, सणावारासाठी म्हणा, त्यांचे नागपूरकडे जाणे-येणे असते. ललितपूर, सागर, शिवनी असा हा पाचशे किलोमीटरांहून अधिक लांबीचा प्रवास. मोटारीत आजी असतात, मुले असतात आणि सोबतीला नाट्यसंगीत किंवा भावगीतेही असतात.

अशा वेळी गाणे मध्येच बंद पडले, किंवा तबल्याच्या प्रत्येक थापेसरशी गाडीचे दिवे मंद होऊ लागले, तर प्रवासी एवढेच म्हणतात, ‘‘स्टीरिओ बिघडला, दुसरा बसवून घेऊ.’’ परंतु पुष्कळदा दोष स्टीरिओत नसतोच. तो असतो त्याला मिळणाऱ्या विजेत. आणि ज्या बॅटरीवर गाणे चालते, तिच्यावरच इंजिन सुरू होण्याची भिस्त असते. मे-जून महिन्यांत झाशीचा पारा ४५ अंश सेल्सिअसची मर्यादा ओलांडतो. अशा उन्हात, गावापासून दूर, गाडी सुरूच होईना, तर म्हाताऱ्या माणसांचे व लहान मुलांचे काय हाल होतील, याची कल्पना प्रत्येकाने करावी. म्हणून गाण्याचा हा छोटासा बिघाड वेळीच ओळखणे शहाणपणाचे होय.

थोडा पूर्वेतिहास

मोटारीत गाणे आणण्याची खटपट जुनी आहे. अमेरिकेत पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने १९३० साली मोटारीसाठी रेडिओ बाजारात आणला आणि त्याला ‘मोटोरोला’ हे नाव दिले. त्या काळच्या रेडिओतील काचेच्या व्हॉल्व्हना पुष्कळ उच्च दाबाची वीज लागे आणि मोटारीच्या बॅटरीतून ती सरळ मिळत नसे. ती अडचण दूर करण्यासाठी सतत गुणगुणणारे एक कंपक यंत्र वापरात आले. १९५५ मध्ये क्राइस्लर मोटारींसाठी संपूर्ण ट्रान्झिस्टरचा रेडिओ तयार झाला व मग ते कंपक यंत्र मागे पडले. आजचा स्टीरिओ बॅटरीच्या बारा व्होल्टवर सरळ चालतो. तरी तारा, सांधे, फ्यूज आणि बॅटरी यांची दुखणी मात्र तीच राहिली आहेत.

बारा व्होल्टचा गैरसमज

घरातील वीज २३० व्होल्टची, तिचा धक्का जीवघेणा असतो, हे लहान मुलालाही माहीत असते. मोटारीतील वीज बारा व्होल्टची, म्हणून ती निरुपद्रवी, असे पुष्कळांना वाटते. हा समज अर्धाच खरा आहे. तिचा धक्का बसत नाही हे खरे. पण आग लागावयास तेवढी वीज पुरेशी असते.

हे एका साध्या हिशेबाने समजेल. २४० वॉट वीज घेणारे उपकरण घरात लावले, तर त्याच्या तारेतून सुमारे एक अँपियर प्रवाह वाहतो. तेवढीच वीज घेणारा अॅम्प्लिफायर मोटारीत लावला, तर बारा व्होल्टवर त्याला वीस अँपियर प्रवाह लागतो. तार तापणे हे दाबावर नव्हे, प्रवाहावर अवलंबून असते. प्रवाह दुप्पट झाला, तर त्याच तारेतील उष्णता चौपट होते. म्हणून मोटारीतील तार घरातील तारेपेक्षा जाड हवी. शिवाय चांगली बॅटरी दोन टोके जुळली असता क्षणात शेकडो अँपियर ओतू शकते. तेवढ्याने तारेवरचे आवरण वितळून आसनाखालच्या कापडाला आग लागू शकते.

प्रथम बॅटरी पाहावी

काही शे रुपयांत मिळणारा साधा मल्टिमीटर घरी असावा. तो एकमार्गी प्रवाहाच्या व्होल्टवर लावून, गाडी काही तास उभी राहिल्यानंतर, बॅटरीच्या दोन्ही टोकांवर धरावा. सुमारे १२.६ व्होल्ट आले, तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे. १२.४ आले, तर सुमारे पाऊण भरलेली. १२ च्या आसपास आले, तर ती जवळजवळ रिती झाली, असे समजावे.

आता कोणास तरी गाडी सुरू करावयास सांगून मीटरकडे लक्ष ठेवावे. इंजिन फिरत असताना दाब साडेनऊ-दहा व्होल्टच्या खाली जात असेल, तर बॅटरी अशक्त झाली आहे. गाडी सुरू करताना स्टीरिओ बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, वेळ व केंद्रे विसरतो, याचेही हेच एक कारण असते. इंजिन सुरू झाल्यावर दाब साधारणतः १३.८ ते १४.५ व्होल्ट व्हावा. तो तेराच्या खालीच रेंगाळत असेल, तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा तपासून घ्यावा. पंधराच्या वर जात असेल, तर नियामकात दोष असून बॅटरीतील पाणी उकळून जाण्याचा संभव असतो. काही नव्या गाड्यांत संगणकच हा दाब कमी-अधिक करतो. त्यांच्या बाबतीत गाडीसोबत मिळालेली पुस्तिका पाहून मगच निष्कर्ष काढावा.

बुंदेलखंडाच्या उन्हाळ्यात बॅटरीकडे विशेष लक्ष द्यावे लागते. उष्णतेने आतील रासायनिक क्रिया जलद होतात, पाणी उडून जाते व बॅटरीचे आयुष्य घटते. झाकणे उघडता येणारी बॅटरी असेल, तर महिन्यातून एकदा पाण्याची पातळी पाहावी आणि केवळ शुद्ध केलेले, म्हणजे डिस्टिल्ड पाणीच घालावे. विहिरीच्या वा नळाच्या पाण्यातील क्षार तिला अपाय करतात. बंद बॅटरी मात्र उघडण्याचा खटाटोप करू नये.

सांधे आणि ‘अर्थ’

बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी जमलेली दिसते. ती विजेच्या वाटेतील अडसर असते. टोके सोडवताना प्रथम ऋण, म्हणजे वजा चिन्हाचे टोक सोडवावे आणि लावताना ते शेवटी लावावे. मोटारीचे सारे लोखंडी शरीर ऋण टोकास जोडलेले असते. धन टोक आधी सोडवावयास गेले आणि पाना चुकून पत्र्याला लागला, तर मोठी ठिणगी उडते. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून जुन्या ब्रशाने भुकटी धुवावी, टोके कोरडी करावीत, घट्ट बसवावीत आणि वर थोडे व्हॅसलीन लावावे. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. तेव्हा जवळपास विडी-सिगारेट किंवा काडी पेटवू नये. आम्ल अंगावर उडाले, तर भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यांत गेले, तर धूत धूतच डॉक्टरांकडे जावे.

मिस्त्री लोक ज्याला ‘अर्थ’ म्हणतात, ती विजेची परतीची वाट होय. गाण्यातील निम्म्याहून अधिक खोड्या या परतीच्या वाटेत सापडाव्यात, इतकी तिची आबाळ होते. अॅम्प्लिफायरची काळी तार रंग दिलेल्या पत्र्यावर नुसती स्क्रूने आवळलेली असते. रंग वीज वाहून नेत नाही. त्या जागचा रंग खरवडून स्वच्छ पत्रा उघडा करावा व तेथे तार घट्ट बसवावी. मग आवाज मोठा ठेवून मीटरचे एक टोक त्या काळ्या तारेवर आणि दुसरे बॅटरीच्या ऋण टोकावर धरावे. एक-दोन दशांश व्होल्टपेक्षा अधिक दाब दिसला, तर परतीची वाट अजून अडलेली आहे.

तार किती जाड असावी?

तबल्याच्या थापेबरोबर दिवे मंद होतात, याचे कारण पुष्कळदा बारीक तार हेच असते. दीड चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार बॅटरीपासून मागच्या डिकीपर्यंत पाच मीटर नेली, तर तिचा रोध सुमारे ०.०५७ ओहम भरतो. वीस अँपियर प्रवाह वाहू लागला की या तारेतच एक व्होल्टहून अधिक दाब खर्ची पडतो. तेथे चार चौरस मिलिमीटरची तार घातली, तर हा तोटा अर्ध्या व्होल्टच्या आत येतो. थोडक्या रुपयांची बचत करण्यासाठी बारीक तार वापरावी, हे हिताचे नाही.

इंजिनाचा वेग वाढेल तसतसा स्पीकरमधून शिटीसारखा आवाज चढत जात असेल, तर तो अल्टरनेटरचा सूर समजावा. स्टीरिओ व अॅम्प्लिफायर यांचे ‘अर्थ’ वेगवेगळ्या ठिकाणी आणि निरनिराळ्या गुणांचे असले, तर हा सूर गाण्यात शिरतो. दोन्ही चांगल्या ‘अर्थ’ला, शक्य तर एकाच जागी, जोडावेत. ध्वनीची तार गाडीच्या एका अंगाने व विजेची तार दुसऱ्या अंगाने न्यावी.

फ्यूजचे काम

स्टीरिओ पूर्ण मुका झाला, तर प्रथम फ्यूज पाहावा. एक फ्यूज गाडीच्या पेटीत असतो व दुसरा बहुधा स्टीरिओच्या पाठीमागे असतो. दोन्ही पाहावेत. जळालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपियरचा नवा घालावा. तोही लगेच जळाला, तर कोठे तरी तार पत्र्याला चिकटली असण्याचा दाट संभव असतो. ती जागा शोधल्याशिवाय तिसरा फ्यूज घालू नये.

आणि येथेच एका घातक सवयीविषयी स्पष्ट सांगणे अवश्य आहे. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्याच्या जागी सिगारेटच्या पाकिटातील चांदी, तारेचा तुकडा किंवा दुप्पट अँपियरचा फ्यूज घालण्याची सवय पुष्कळांना असते. गाणे सुरू होते आणि सर्वजण समाधान पावतात. परंतु फ्यूजचे काम स्टीरिओ सांभाळण्याचे नसून तार सांभाळण्याचे आहे. तो जळाला नाही, तर तार जळेल, आणि तार जळाली तर तिच्याशेजारी आपली माणसे बसलेली असतात. अॅम्प्लिफायरसाठी बॅटरीपासून वेगळी तार आणली असेल, तर तिचा फ्यूज बॅटरीपासून एका हाताच्या अंतराच्या आत असावा. पत्र्याच्या भोकातून तार जात असेल, तेथे रबराचे कडे बसवावे. धडधडीने पत्र्याची धार आवरण कापते आणि अपघातास आरंभ होतो.

रात्रीतून बॅटरी का उतरते?

बाहेरून घेतलेल्या स्टीरिओस बहुधा तीन मुख्य तारा असतात. पिवळी तार सतत वीज देते, त्यामुळे वेळ व केंद्रे लक्षात राहतात. लाल तारेत किल्ली फिरवल्यावर वीज येते. काळी तार ‘अर्थ’ची. जोडणी करणाऱ्याने घाईत लाल व पिवळी एकत्र बांधल्या, तर किल्ली काढली तरी स्टीरिओ पुरता झोपत नाही. रंगांवर विसंबू नये. मीटरने खात्री करावी.

पस्तीस अँपियर-तासांच्या बॅटरीतून अर्धा अँपियर प्रवाह सतत गळत असेल, तर सत्तर तासांत, म्हणजे तीन दिवसांच्या आत, ती पूर्ण रिती होईल. गाडी सुरू होईनाशी होणे त्याच्याही पुष्कळ आधी घडते. गळती मोजण्यासाठी किल्ली काढून, सर्व दरवाजे लावून अर्धा तास थांबावे आणि ऋण तारेच्या मध्ये मीटर दहा अँपियरवर जोडावा. मीटर जोडलेला असताना गाडी सुरू करू नये, नाही तर मीटर जळेल. पन्नास मिलिअँपियरपर्यंतची गळती सामान्य समजतात. त्याहून अधिक असेल, तर एकेक फ्यूज काढून पाहावा. ज्या फ्यूजने आकडा खाली येईल, त्या वाटेत दोष आहे. इंजिन बंद ठेवून तासन् तास गाणी ऐकणेही टाळावे. पाच अँपियर घेणारा संच तीन तास चालला, तर या बॅटरीतील पंधरा अँपियर-तास खर्ची पडले.

कोठे थांबावे?

विजेवर चालणाऱ्या व संकरित मोटारींत नारिंगी रंगाच्या जाड तारा असतात. त्यांत शेकडो व्होल्टचा दाब असतो व तो प्राणघातक आहे. त्यांस हात लावू नये. अशा गाड्यांतही स्टीरिओसाठी बहुधा बारा व्होल्टची वेगळी बॅटरी असते; पण तिचे काम जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्यावे. जळका वास आला, तर तत्काळ गाडी बाजूला घ्यावी, इंजिन बंद करावे आणि सर्वांना उतरवून दूर उभे करावे. गाडीत लहान अग्निशामक असावा.

प्रवासाच्या आदल्या दिवशी बॅटरीचा दाब मोजणे, तिची टोके पाहणे आणि योग्य अँपियरचे दोन-चार फ्यूज डबीत ठेवणे यास अर्धा तासही लागत नाही. घरातील शाळकरी मुलांना या कामात जवळ उभे करावे व मीटरवरील आकडे त्यांच्याकडून वाचून घ्यावेत. ओहमचा नियम त्यांनी पुस्तकात पाठ केलेला असतोच. तो आपल्या मोटारीत कसा चालतो, हे त्यांना या निमित्ताने प्रत्यक्ष पाहता येईल.