गाऱ्हाण्याच्या जोडीला वही

आम्ही वेंगुर्ले तालुक्यातल्या बचत गटांच्या बायका. आपल्याकडे ग्रामदेवतेसमोर गाऱ्हाणं घालतात आणि जमलेली मंडळी एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. देवाला सगळं ठाऊक असतं, तिथे तेवढं पुरतं. पण दवाखाना, शाळा, अंगणवाडी, ग्रामपंचायत इथे जाऊन 'सगळंच बिघडलंय' असं गाऱ्हाणं घातलं, तर समोरचा 'बघतो' म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. नेमकं काय, कधी, किती वेळा बिघडलं हे सांगता आलं, तरच दुरुस्तीला सुरुवात होते. आज त्याबद्दल बोलू.

हे आम्ही ठेच लागून शिकलो. आमच्या एका गटातली मुलगी गरोदर होती. काजूच्या कारखान्यातला रोज बुडवून ती तपासणीला दोनदा उपकेंद्रात गेली. दोन्ही वेळा सिस्टर मीटिंगला गेलेल्या. तिसऱ्या वेळी आम्ही आठवण केली, तर म्हणाली, "दोनदा जावन इलंय, आता नाय जावचंय." पुढे आठव्या महिन्यात तिला चक्कर येऊ लागली. रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन 7 च्या खाली. गरोदर बाईचं 11 च्या वर असायला हवं. धावपळ करून तिला मोठ्या दवाखान्यात नेलं, रक्त चढवलं. बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आली. पण त्या रात्री आम्हांला झोप नव्हती. तिच्या दोन फुकट खेपा गटात सगळ्यांना माहीत होत्या, तरी कुणी कुठे लिहून ठेवल्या नव्हत्या.

मग आम्ही एक दोनशे पानी वही घातली. उपकेंद्रात जाऊन आलेल्या बाईने बैठकीत एवढंच सांगायचं: कुठल्या वारी गेले, काम झालं की नाही, नाही तर का नाही. दोन महिन्यांनी वही चाळली, तर फुकट गेलेल्या बहुतेक खेपा मंगळवारच्या निघाल्या. मंगळवारी सिस्टरांची मीटिंग असते, हे वाडीत कुणाला ठाऊकच नव्हतं. आम्ही वही घेऊन सिस्टरांकडेच गेलो. भांडायला नाही, दाखवायला. त्यांनी दुसऱ्याच दिवशी दारावर फळा लावला: कुठल्या दिवशी काय मिळेल, मीटिंग कधी. आशाताई वाडीत निरोप देऊ लागल्या. मंगळवारच्या खेपा थांबल्या.

इथे आम्ही वही मिटली असती, तर चुकलो असतो. पुढच्या दोन महिन्यांत दुसरंच दिसलं. बायकांचं वजन होत होतं, बीपी होत होतं, पण कार्डावर हिमोग्लोबिनचा रकाना कोरा. विचारलं, तर तपासणीचं साहित्य संपलेलं. सिस्टरांनी वर पत्र दिलेलंच होतं. त्यांच्या पत्राला आम्ही ग्रामसभेत वहीतल्या नोंदींची जोड दिली. साहित्य आलं. पुढच्या पावसाळ्यात फळ्यावरची अक्षरं धुऊन गेली आणि पुन्हा दोघी-तिघी हात हलवत परत आल्या. वही चालू होती म्हणून आठवड्यात कळलं.

शहाणी माणसं याला 'गुणवत्तेत सातत्याने सुधारणा' म्हणतात. नाव जड आहे, काम आपल्या ओळखीचं. एक गोष्ट निवडायची, मोजायची, कारण शोधायचं, एक छोटा बदल करायचा आणि पुन्हा मोजायचं. बचत, कर्ज, परतफेड, हिशेबाची नोंद आपण बैठकीत याच रीतीने पाहतो. हप्ता चुकला, तर त्या बैठकीतच कळतं, वर्षअखेरीला नव्हे.

आपल्या वेंगुर्ले शहराचंच पाहा. शहराचा कचरा जिथे पडायचा, तिथे पूर्वी नाक धरून जावं लागायचं. रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना नगरपरिषदेने घराघरांतून कचरा वेगवेगळा घ्यायला सुरुवात केली. आधी मोजकेच प्रकार. ते अंगवळणी पडल्यावर आवारात त्याचेच आणखी बारीक प्रकार केले, वीसहून जास्त. ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि खत, प्लास्टिकचा चुरा डांबरी रस्त्यात. आज ती जागा 'स्वच्छ भारत पर्यटन स्थळ' म्हणून ओळखली जाते आणि बाहेरगावची माणसं ती बघायला येतात. एका मोहिमेत, एका फोटोत हे झालेलं नाही. रोज सकाळी घरातल्या बाईने डबे वेगळे ठेवले आणि रोज कामगारांनी निवडलं, तेव्हा झालं. डबे पुन्हा एक झाले, तर ती जागाही पुन्हा पहिल्यासारखी होईल.

दवाखान्यांच्या बाबतीत महाराष्ट्रात असं काम 2007 पासून झालं आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात 'लोकाधारित देखरेख' सुरू झाली. पहिले पाच जिल्हे होते अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद म्हणजे आताचं धाराशिव, पुणे आणि ठाणे. गावकऱ्यांनीच आरोग्यसेवेचं प्रगतिपुस्तक भरायचं: चांगलं असेल तिथे हिरवा रंग, मध्यम असेल तिथे पिवळा, वाईट असेल तिथे लाल. अक्षर न येणाऱ्या आजीलाही ते वाचता येतं. मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर तो तक्ता ठेवायचा आणि पुढच्या खेपेला पुन्हा भरायचा. लालचा पिवळा झाला का, हे गावच बघणार.

शाळेतही आपल्याला जागा आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात. तिथे केवळ सही करून येऊ नका. मुलींच्या शौचालयाला पाणी किती दिवस होतं, एवढंच महिनाभर लिहा. कार्यालयात दाखल्यासाठी अर्ज दिलात, तर पोच घ्या. 2015 च्या सेवा हक्क कायद्याने ठरलेल्या सेवांना मुदत आहे. मुदत टळली, तर अपील करता येतं, पण पोच नसेल तर तारीख कशी दाखवणार?

तीन गोष्टी मात्र आम्ही कटाक्षाने पाळतो. वहीत कुणाचा आजार लिहीत नाही; बाईची गोष्ट चारचौघांत जाता कामा नये. चांगलं झालेलंही लिहितो, नाहीतर कर्मचाऱ्यांना ती वही शिक्षेची वाटते आणि दार बंद होतं. आणि आकडा वाढवून सांगत नाही. एक खोटी नोंद सापडली, की दहा खऱ्या नोंदींवरचा विश्वास जातो.

तर पुढच्या बैठकीत कर्जवाटप झालं, की दहा मिनिटं जास्त बसा. एकच सेवा निवडा. एकच प्रश्न ठरवा. वहीच्या पहिल्या पानावर तारीख घाला. दोन महिन्यांनी ती वही घेऊन जिथे काम आहे तिथे जा, आणि परत आल्यावर पुढचं पान उघडा.

आमची ती मुलगी आता आमची वही लिहिते. बाळ मांडीवर, पेन हातात. कुणी 'आज नको, पुढच्या वेळी लिहू' म्हटलं, की तीच सगळ्यांत आधी रागावते.