विश्लेषण : घरातल्या टेबलावर तांब्याचे कडे कसे घडते? सांधेदुखीवरील दाव्यात तथ्य किती?

हस्तकला प्रदर्शनातील स्टॉल असो वा इन्स्टाग्रामवरील छोटे दुकान, तांब्याच्या तारेची हाताने विणलेली कडी आणि ब्रेसलेट तिथे हमखास दिसतात. त्यांतील बरीचशी कारखान्यात नव्हे, तर घरातल्या एखाद्या टेबलावर तयार झालेली असतात. मोठे यंत्र लागत नाही, कच्चा माल थोडा लागतो आणि मूलभूत तंत्र सरावाने हाती येते. मात्र याच कड्यांशेजारी अनेकदा ‘सांधेदुखीवर गुणकारी’ अशी पाटीही झळकते. कडे प्रत्यक्षात घडते कसे, त्याची खरी किंमत कशात आहे आणि ही पाटी कारागीर व ग्राहक दोघांनाही महागात कशी पडू शकते, याचा आढावा.

घरगुती कामासाठी तांबेच का?

तांबे मऊ आहे. जाड तारही साध्या पकडीने वळते, विणता येते, हातोडीने चपटी करता येते. चांदीच्या तुलनेत ते खूप स्वस्त असल्याने शिकताना तार वाया गेली तरी फार नुकसान होत नाही. त्याचा तांबूस रंग मुळातच आकर्षक असल्याने मुलामा देण्याची गरज पडत नाही.

तांब्याचे दागिने महाराष्ट्राला नवे नाहीत. संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे झालेल्या उत्खननात ताम्रपाषाण काळातील तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडींबरोबर बांगडीही सापडली होती. पुण्यात कसबा पेठेजवळची तांबट आळी आजही हातोडीच्या ठोक्यांसाठी ओळखली जाते. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबट कारागिरांची ही वस्ती. भांड्यांवर एकसारखे ठोके मारून चकाकी आणि मजबुती आणणारे त्यांचे ‘मठारकाम’ प्रसिद्ध आहे. तारेच्या कड्यालाही अखेरीस हेच तत्त्व लागू पडते.

कोणती तार घ्यावी?

तार गेजवर विकली जाते. गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक. आपल्याकडील दुकानांत बहुधा ब्रिटिश पद्धतीचे गेज चालते, तर इंटरनेटवरील बहुतेक परदेशी व्हिडीओंमध्ये अमेरिकी गेज असते. दोन्हींचा आकडा एकच असला तरी जाडी वेगळी भरते. ब्रिटिश १८ गेजची तार १.२२ मिमी जाडीची, तर अमेरिकी १८ गेजची १.०२ मिमी. व्हिडीओ पाहून तार आणली आणि कडे अपेक्षेपेक्षा जाड झाले, अशी तक्रार यातूनच निर्माण होऊ शकते. त्यामुळे दुकानात गेजऐवजी मिलिमीटर सांगणे सोयीचे.

कड्याच्या सांगाड्यासाठी साधारण दीड ते दोन मिमी जाडीची तार लागते, तर तिच्याभोवती गुंडाळण्यासाठी किंवा विणकामासाठी अर्ध्या मिमीच्या आसपासची. दोन मिमीच्या एक मीटर तारेचे वजन सुमारे २८ ग्रॅम भरते. म्हणजे किलोभर तारेत ३५ मीटर लांबी मिळते. नवशिक्याने आधी पाव किलो घेतली तरी बराच सराव होतो.

भंगारातील तार चालते का?

चालते, पण पारखून. जुन्या वायरिंगमधील एकेरी, जाड तांब्याची तार कड्यासाठी उत्तम. तिच्यावरील प्लास्टिक कटरने सोलून काढावे. वेळ वाचवण्यासाठी ते जाळणे धोक्याचे आहे. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये बाहेर पडतात. मोटार किंवा पंख्याच्या वाइंडिंगमधून निघालेली तार उघडी दिसली तरी तिच्यावर इनॅमलचा पातळ थर असतो. ती तापवली की त्याचाही धूर होतो आणि थर राहिला तर चकाकी येत नाही.

बाजारात तांब्याचा नुसता मुलामा दिलेली तारही असते. आत लोखंड असेल तर ती चुंबकाला चिकटते. आत ॲल्युमिनियम असेल तर चुंबकाने कळत नाही. तेव्हा तारेचे टोक कापून पाहावे. कापलेला भाग पांढरट दिसला किंवा तार हातात फार हलकी लागली, तर ती शुद्ध तांब्याची नाही. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, तांबे १०८५ अंशांना. त्यामुळे अशी तार तापवताना ऐनवेळी हातचे काम बिघडते.

कडे प्रत्यक्षात घडते कसे?

अवजारे मोजकीच लागतात : गोल टोकाची आणि चपट्या टोकाची पकड, कटर, बारीक कानस, लाकडी किंवा नायलॉनची हातोडी, छोटी ऐरण आणि कड्याला गोलाई देण्यासाठी एखादा मजबूत पाइप. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण कापलेल्या तारेचा तुकडा जोरात उडतो.

पहिली पायरी मापाची. पुढून उघडे असलेले कडे करताना मनगटाच्या घेरापेक्षा एक ते दीड सेंटिमीटर कमी लांबी धरतात. साडेसोळा सेंटिमीटरच्या मनगटाला साधारण १५ सेंटिमीटरचे कडे पुरते. त्यात हात आत घालण्यासाठी अडीच सेंटिमीटरच्या आसपास फट राहते. पीळ घालायचा किंवा वेणी घालायची असेल तर लांबी बरीच कमी होते. त्यामुळे तार आधी जास्तीची घ्यावी आणि विणकाम झाल्यावरच कापावी.

सर्वात सोपा प्रकार पीळदार कड्याचा. तार मधोमध दुमडून दुमड ड्रिलच्या तोंडात अडकवायची, मोकळी टोके शिकंजात धरायची आणि ड्रिल सावकाश फिरवायचे. त्यापुढचा प्रकार म्हणजे तीन जाड तारा समांतर ठेवून बारीक तारेने आलटून पालटून विणणे. इथे घाई केली की दोन वेढ्यांमध्ये फट पडते. दर चार-पाच वेढ्यांनंतर नखाने किंवा पकडीने ते सरकवून घट्ट बसवावे लागतात. एका कड्याला दोन-तीन तास लागतात ते इथेच.

शेवटचे काम टोकांचे. कापलेली तार चाकूसारखी धारदार असते. टोके कानशीने घासून गोल करायची किंवा वळवून आत दडवायची. खात्री करण्यासाठी कडे जुन्या ओढणीवरून फिरवून पाहावे. धागा अडकला तर अजून घासायला हवे.

काम करताना तार मध्येच का तुटते?

नवख्यांचे सर्वाधिक नुकसान होते ते इथे. तांबे वाकवले, पिळले किंवा ठोकले की कडक होत जाते. धातूच्या आतील स्फटिकांची रचना प्रत्येक वाकणीबरोबर विस्कटते आणि थर एकमेकांवरून सरकेनासे होतात. सुरुवातीला लोण्यासारखी वळणारी तार दहा मिनिटांत हट्टी होते आणि तरीही जोर लावला तर तडकते.

उपाय म्हणजे तार तापवून पुन्हा मऊ करणे. ती अंधूक उजेडात मंद लाल दिसेपर्यंत तापवली की आत नवे स्फटिक तयार होतात आणि मऊपणा परत येतो. पोलाद तापवून पाण्यात बुडवले की कडक होते. तांब्याचे तसे होत नाही, ते लगेच पाण्यात टाकले तरी मऊच राहते. यासाठी छोटी गॅस टॉर्च वापरतात. काम विटेवर, खिडकी उघडी ठेवून आणि सुती कपड्यांत करावे. बारीक तार मात्र क्षणात वितळते, म्हणून ज्योत एका जागी थांबवू नये. तापवल्यावर येणारा काळा थर लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात निघून जातो.

शेवटी हाच कडकपणा कारागिराच्या उपयोगी पडतो. आकार दिल्यानंतर कडे पाइपवर ठेवून लाकडी हातोडीने हलके ठोकले की ते ताठ होते आणि मनगटावर आकार टिकवते. मठारकामाने भांड्याला बळकटी येते तीही याच कारणाने. ग्राहकालाही हे सांगून ठेवावे. रोज दोन्ही टोके फाकवून कडे घातले-काढले तर ते मधोमध कडक होऊन एक दिवस मोडते. ते मनगटाच्या अरुंद बाजूने तिरके सरकवून घालायचे असते.

मनगट हिरवे पडते ते कशामुळे?

घामातील क्षार आणि आम्ल यांची तांब्याशी प्रक्रिया होऊन हिरवट संयुगे तयार होतात. ती साबणाने धुतली की जातात आणि सहसा अपाय करत नाहीत. पण ‘शरीरातील विषद्रव्ये बाहेर पडत आहेत’ असे जे सांगितले जाते, त्याला आधार नाही. तो डाग कड्यातून आलेला असतो, शरीरातून नव्हे. तांब्याने पुरळ उठणे कमी आढळते, तरीही खाज किंवा लाली आली तर कडे काढून ठेवावे.

कडे काळवंडले तर देवघरातील भांड्यांचाच उपाय : चिंच किंवा लिंबू-मीठ. मात्र नंतर भरपूर पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करावे, नाहीतर विणीत अडकलेले आम्ल पुन्हा हिरवे डाग पाडते. अनेक कारागीर उलट मुद्दामच जुनेपणाची छटा आणतात. उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून कड्यासह बंद डब्यात ठेवला की त्यातील गंधकाच्या वायूने तांबे तपकिरी-काळे होते. उंचवटे घासून उजळले की वीण उठून दिसते. त्यावर मेणाचा पातळ हात दिल्यास रंग जास्त टिकतो.

तांब्याच्या कड्याने संधिवात बरा होतो का?

याची चाचणी झालेली आहे. ब्रिटनमधील यॉर्क विद्यापीठाचे स्ट्युअर्ट रिचमंड आणि सहकाऱ्यांनी ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या ७० रुग्णांवर केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक रुग्णाने पाच महिन्यांत तांब्याचे कडे आणि चुंबकीय, क्षीण चुंबकीय व चुंबकत्व काढलेला असे तीन पट्टे आळीपाळीने वापरले. वेदना, सूज, आजाराची तीव्रता यांपैकी कशातही तांब्याच्या कड्याचा मानसिक समाधानापलीकडे अर्थपूर्ण परिणाम दिसला नाही.

मग ‘मला फरक पडला’ असे लोक प्रामाणिकपणे का सांगतात? संधिवाताचे दुखणे कमी-जास्त होत राहते. माणूस कडे विकत घेतो ते बहुधा दुखणे टोकाला असताना. काही दिवसांनी ते आपसूक ओसरते आणि श्रेय कड्याला मिळते. हौस म्हणून कडे घालण्यात गैर काही नाही. धोका आहे तो त्याच्या भरवशावर डॉक्टरांकडे जाणे लांबवण्यात. ऱ्हुमॅटॉइड संधिवातावर वेळीच उपचार सुरू झाले नाहीत तर सांध्यांची झीज कायमची होते. बोटे वाकडी झाल्यावर ती सरळ करणे औषधांच्याही हातात उरत नाही.

असा दावा करून विकल्यास कायदा काय सांगतो?

औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ नुसार काही ठरावीक आजारांवर चमत्कारी गुण असल्याचे सांगून ताईत, कवच किंवा तत्सम वस्तूंची जाहिरात करण्यास बंदी आहे. कायद्याच्या अनुसूचीत ५४ आजार व व्याधी आहेत. त्यात संधिवात, मधुमेह आणि रक्तदाबही येतात. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला १० लाख रुपयांपर्यंत दंड करण्याचा अधिकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला आहे. स्टॉलवरची पाटी किंवा व्हॉट्सॲपवर फिरणारे चित्र हीदेखील जाहिरातच ठरू शकते.

मग किंमत कशाच्या जोरावर मागायची?

एक साधा हिशेब मांडता येतो. विणलेल्या कड्याला तुकडे-छाट धरून २० ग्रॅम तार लागली आणि तांब्याचा दर किलोला हजार रुपये धरला, तर धातूचा खर्च २० रुपये. तीन तासांचे काम तासाला १०० रुपयांनी ३०० रुपये. गॅस, मेण, वेष्टन यांचे ५० रुपये. एकूण ३७० रुपये. स्टॉलचे भाडे किंवा ऑनलाइन दुकानाचे कमिशन विक्रीच्या २० टक्के असेल, तर कडे ४६० रुपयांच्या आसपास विकले तरच तासाचे १०० रुपये हाती पडतात. या किमतीत तांब्याचा वाटा पाच टक्क्यांहूनही कमी आहे.

‘वीस रुपयांच्या तारेचे एवढे पैसे?’ असे विचारणाऱ्या ग्राहकासमोर अनेक कारागीर अडखळतात आणि औषधी गुणांचा आधार घेतात. वास्तविक दाखवण्यासारखे पुष्कळ असते : एकसारखे वेढे, न टोचणारी टोके, मनगटाच्या मापाने बेतलेला घेर, मोडल्यास दुरुस्तीची हमी. कडे शुद्ध तांब्याचे आहे, मनगट हिरवे पडू शकते, ते कसे स्वच्छ करावे आणि विजेचे काम करताना व एमआरआय तपासणीपूर्वी ते काढून ठेवावे, इतके लिहिलेली एक चिठ्ठी सोबत दिली तर ग्राहकाचा विश्वास बसतो. सांधे दुखत असल्याचे सांगणाऱ्या ग्राहकाला कडे जरूर विकावे, पण दागिना म्हणून. दुखण्यासाठी त्याला डॉक्टरांकडेच पाठवावे.