एका चुलीचे तीन संगणक

मावळात आता बऱ्याच घरांत एकाहून जास्त संगणक दिसतात. एक मुलीच्या कॉलेजचा, एक पवनेकाठच्या पाहुण्यांच्या खोल्यांचा हिशेब ठेवणारा, एखादा लोणावळ्याच्या चिक्कीच्या दुकानात बिले करणारा. मग घरातला कर्ता विचारतो, "साहेब, विंडोज एकदा विकत घेतले, ते तिन्हींवर टाकले तर काय बिघडते?"

प्रश्न रास्त आहे, कारण आपली सवयच तशी. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेल्या इंद्रायणीचे पायलीभर बी सोयऱ्याला देताना आपण कोणाला विचारत नाही. २००१ च्या वाणसंरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानेही घरचे बी राखणे, पेरणे, देणे-घेणे हा शेतकऱ्याचा हक्क मानला आहे. फक्त संरक्षित वाणाचे बी छापील नावाच्या पिशवीत भरून विकायचे नाही. विंडोजचे गणित निराळे. तेथे पैसे मोजून मिळतो तो वापरण्याचा परवाना, आणि एका परवान्यावर एकच यंत्र चालते. संगणकाबरोबर आलेला परवाना त्याच यंत्राला बांधलेला असतो. वेगळा विकत घेतलेला असेल तर जुन्यावरून काढून नव्यावर नेता येतो, पण दोन्हींवर एकाच वेळी नाही.

पूर्वी सवलत होती. २००९ साली विंडोज ७ आले, तेव्हा काही देशांत एका घरातल्या ३ संगणकांसाठी एकच 'फॅमिली पॅक' विकला गेला. अॅपलचा तसाच पॅक ५ संगणकांचा होता. त्यात 'घर' कशाला म्हणायचे तेही लिहिलेले असे: एका छपराखाली राहणारी माणसे, आणि शिक्षणासाठी वसतिगृहात राहिलेले त्याच घरचे मूल. धंद्यासाठी मात्र तो पॅक चालत नसे. मला तर हे वाचून रेशनकार्डच आठवले. आपल्याकडे भाऊ वेगळे होतात, भिंत एकच राहते, चुली दोन होतात. अशा वाड्यात त्या पॅकवरून भाऊबंदकी व्हायला वेळ लागला नसता! असो. विंडोज ७ ची देखभाल १४ जानेवारी २०२० रोजी संपली, आणि अॅपल २०१३ पासून आपल्या यंत्रांसाठीची नवी प्रणाली फुकटच देते.

आजची खरी अडचण विंडोज १० ची आहे. त्याची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. यंत्र बंद पडत नाही, पण सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या मिळत नाहीत. आणि त्याच यंत्रावर आपण बँकेचे व्यवहार करतो, सातबारा काढतो. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी मुदतवाढीची योजना काढली, तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ अशी जाहीर झाली. तिच्यात एका खात्याखाली १० पर्यंत यंत्रे घेता येतात. एका चुलीच्या परवान्याची आठवण करून देणारी एवढीच सोय आता उरली आहे. दुकानाच्या यंत्राला ती लागू नाही. तुमचे यंत्र विंडोज ११ पेलणारे असेल तर ते फुकट चढवता येते, तेच आधी पाहा.

जुना लॅपटॉप घेताना विक्रेता म्हणतो, "सगळे टाकून दिले आहे." तेथेच सेटिंग्जमधले 'अॅक्टिव्हेशन'चे पान उघडायला लावा. कुलूप तोडून बसवलेल्या प्रतीबरोबर चोरटा प्रोग्रॅमही येऊ शकतो, तो तुमचे पासवर्ड उचलतो. शिवाय १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे जाणूनबुजून बेकायदा प्रत वापरल्यास किमान ७ दिवस, जास्तीत जास्त ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. वापर नफ्यासाठी वा धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद न देता ५० हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकते. म्हणजे चिक्कीच्या दुकानाला धोका जास्त.

खुशाल वाटून घ्यावी अशीही एक प्रणाली आहे, लिनक्स. उबंटू घ्या, नाहीतर पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची 'बॉस' घ्या; एकदा पेनड्राइव्हवर उतरवली की घरातल्या, भावाच्या, शेजाऱ्याच्याही यंत्रावर बिनदिक्कत बसवा. मराठी टंकलेखन होते, जुन्या यंत्रालाही ती बहुधा जड जात नाही. बसवण्यापूर्वी कागदपत्रे, फोटो दुसरीकडे उतरवून ठेवा. टॅली मात्र तिच्यावर सरळ चालत नाही, म्हणून बिलांच्या यंत्रावर विंडोजचा रीतसर परवाना ठेवा आणि लिनक्सची सुरुवात मुलीच्या जुन्या लॅपटॉपपासून करा.